फायबरचा पीस साच्याला चिकटू नये म्हणून: रिलीज एजंट कसा निवडायचा?

फायबरग्लास किंवा कार्बन फायबरचा पार्ट साच्यातून अखंड सुटून यावा म्हणून साच्याच्या आतल्या पृष्ठभागावर एक अगदी पातळ थर देतात. त्या थराला रिलीज एजंट म्हणतात. वर्कशॉपमध्ये कुणी त्याला नुसतं 'वॅक्स' म्हणतं, कुणी 'रिलीज' म्हणतं. संपूर्ण कामात सर्वात कमी खर्चाची वस्तू हीच असते. पण तीच चुकली तर पार्ट जातो, साचा जातो, आणि ज्या प्लगवरून साचा काढला तोही बऱ्याचदा जातो. तीन आठवडे घासून, पॉलिश करून तयार केलेलं काम एका रात्रीत एकच ठोकळा होऊन बसतं.

बाइकचं फेअरिंग, ड्रोनची बॉडी, कॉलेजच्या रेसिंग टीमच्या गाडीचा नोज कोन, मंडळाच्या देखाव्यासाठी फायबरचं मखर, असं काहीही पहिल्यांदा करायला घेणार असाल तर रेझिन विकत घेण्याआधी हा लेख वाचा.

कोल्हापूरला साचा नवा नाही, रेझिन वेगळं आहे

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या एमआयडीसींमध्ये फाउंड्र्यांची रांग आहे. पॅटर्न, कोअर, ड्राफ्ट हे शब्द इथे अनेकांच्या घरात रोजचे आहेत. शाहूपुरीची कुंभार गल्ली, पापाची तिकटी, गंगावेश आणि बापट कॅम्प इथे दरवर्षी गणपतीच्या मूर्ती साच्यातून निघतात. त्यामुळे "साच्यातून वस्तू काढणं, त्यात काय एवढं?" असं वाटणं साहजिक आहे.

पण या दोन्ही कामांत वस्तू साच्यातून सुटते त्याची कारणं वेगळी आहेत. शाडूची माती प्लास्टरच्या कोरड्या साच्यात दाबली की प्लास्टर तिच्यातलं पाणी शोषून घेतं, माती थोडी आकसते आणि आपोआप कडा सोडते. पीओपीची मूर्ती रबराच्या साच्यातून काढताना साचाच वाकतो, म्हणून तो सोलून काढता येतो. फाउंड्रीत पॅटर्नवर पार्टिंग पावडर किंवा पार्टिंग लिक्विड मारलं की वाळू चिकटत नाही, आणि शिवाय वाळूचा साचा एकदाच वापरून मोडायचा असतो.

कंपोझिटमध्ये यातलं काहीच मिळत नाही. साचा कडक, पार्टही कडक, आणि मधलं रेझिन म्हणजे मुळातच गोंद. इपॉक्सी तर बाजारात चिकटवण्यासाठीच विकतात. म्हणून मूर्तीच्या कामातलं साबणाचं पाणी किंवा फाउंड्रीतलं पार्टिंग लिक्विड इथे चालवू नका. ती वस्तू तिच्या कामासाठी चांगली आहे, पण रेझिनसाठी बनवलेली नाही.

रेझिन चिकटतं ते नेमकं कसं?

तीन प्रकारे चिकटतं. निवड करताना हे तिन्ही लक्षात असायला हवेत.

पहिला प्रकार अडकण्याचा. साच्यावर बारीक छिद्रं, ओरखडे किंवा थ्रीडी प्रिंटच्या थरांच्या रेषा असतील तर पातळ रेझिन त्यात शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. हजारो छोटे खिळे ठोकल्यासारखं होतं. यावर कुठलाही रिलीज एजंट पूर्ण उपाय नाही. छिद्रं आधी बुजवावीच लागतात.

दुसरा प्रकार पृष्ठभाग ऊर्जेचा. तुमच्या नव्या फोनच्या काचेवर पाण्याचा थेंब टाका. तो पसरत नाही, गोळी होऊन बसतो. कारण काचेवर फ्लोरिनयुक्त रसायनाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. त्या थराची पृष्ठभाग ऊर्जा कमी असते, म्हणून पाणी, तेल, बोटांचे ठसे त्याला नीट धरत नाहीत. टेफ्लॉनचं तसंच आहे. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलेल्या या पदार्थाची पृष्ठभाग ऊर्जा साधारण १८ ते २० मिलिन्यूटन प्रति मीटर असते. इपॉक्सीचा आकडा ४० च्या पुढे जातो. ज्या पृष्ठभागाची ऊर्जा रेझिनपेक्षा बरीच कमी, त्याला रेझिन नीट धरत नाही. चांगला रिलीज एजंट साच्याला असाच पृष्ठभाग देतो.

तिसरा प्रकार रासायनिक. नवा पॉलिएस्टर साचा वरून कडक दिसतो, पण आत सगळी प्रतिक्रिया पूर्ण झालेली नसते. त्यात थोडं स्टायरीन शिल्लक असतं. त्यावर पुन्हा पॉलिएस्टर ओतलं की दोन्ही एकमेकांशी जोडले जाऊ शकतात. म्हणूनच साच्याच्या आयुष्यातला सर्वात धोक्याचा पीस हा पहिला पीस असतो.

बाजारात मिळणारे मुख्य प्रकार

*पेस्ट वॅक्स.* यात बहुधा कार्नोबा मेण असतं. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून ते मिळतं. साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे मधमाशीच्या मेणापेक्षा बरंच कडक. कापडाने लावायचं, थोडं सुकू द्यायचं, पुसून चमकवायचं. स्वस्त, शिकायला सोपं आणि चुका बऱ्यापैकी सहन करणारं. तोटा असा की थर हळूहळू उतरतो, त्यामुळे मधूनमधून पुन्हा लावावं लागतं, आणि जास्त झालं की साच्याच्या कोपऱ्यांत साचून पार्टवर डाग उमटवतं.

*पीव्हीए.* म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाणी आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं. फवारलं की वाळून प्लास्टिकसारखी पातळ फिल्म तयार होते. रेझिन आणि साचा यांच्यात हा खराखुरा पडदा असतो, म्हणून रासायनिक चिकटण्यापासूनही तो वाचवतो. पार्ट निघाला की फिल्म पाण्याने धुऊन टाकायची. दर पीसला नवी फिल्म लागते आणि पार्टची चमक थोडी कमी होते.

*सेमी-परमनंट.* पाण्यासारखं पातळ द्रव. पुसून लावलं की सॉल्व्हंट उडून जातो आणि मागे राहिलेला पॉलिमर साच्याला घट्ट धरून बसतो. एकदा नीट लावलं की अनेक पीस निघतात, मग एखादा हात वरून द्यायचा. फोनच्या काचेवरचा थर जसा वापराने झिजतो तसंच हे. चमक उत्तम मिळते आणि बरेच ब्रँड १५० अंशांच्या पुढेही टिकतात. पण तयारीत कसूर अजिबात चालत नाही.

*इंटर्नल रिलीज.* हे साच्यावर लावत नाहीत, रेझिनमध्येच मिसळतात. कारखान्यातल्या प्रेस मोल्डिंगमध्ये झिंक स्टिअरेट याच कामासाठी वापरतात. हाताने ले-अप करणाऱ्या माणसाला याची सहसा गरज पडत नाही.

यांशिवाय सपाट काचेवर शीट बनवायची असेल तर रिलीज फिल्म किंवा टेफ्लॉन टेपनेही काम होतं. सिलिकॉन स्प्रे मात्र टाळा. दुकानात तो सहज मिळतो आणि पीसही सुटतो, पण त्याचं तेल पार्टवर येतं. मग त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. एकाच खोलीत रंगकाम होत असेल तर हवेत उडालेला स्प्रे शेजारच्या कामाचीही वाट लावतो. गाडीच्या काही पॉलिशमध्येही सिलिकॉन असतं, म्हणून घरातली पॉलिशची डबी वापरण्याचा मोह नको.

निवडण्याआधी साच्याला विचारायचे पाच प्रश्न

"सगळ्यात चांगला रिलीज कोणता?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. खालचे पाच प्रश्न क्रमाने विचारा, उत्तर त्यांतूनच निघतं.

१. पृष्ठभाग कशाचा आहे? एमडीएफ, लाकूड, पीओपी, थ्रीडी प्रिंट हे सगळे छिद्राळ. आधी टू-के प्रायमर, पीयू किंवा इपॉक्सीचा थर देऊन छिद्रं बंद करा आणि पाण्याच्या पेपरने ४०० पासून १२०० पर्यंत घासत जा. साध्या स्प्रे कॅनच्या रंगावर थेट पॉलिएस्टर लावू नका. त्यातलं स्टायरीन रंग फुगवतं आणि सुरकुत्या पडतात. उघड्या थर्माकोलला तर ते विरघळवूनच टाकतं.

२. साचा नवा आहे की रुळलेला? नवा असेल तर वॅक्सवर पीव्हीए, किंवा सीलरसकट पूर्ण सेमी-परमनंट सिस्टीम. रुळलेल्या साच्याला नुसतं वॅक्स पुरू शकतं.

३. किती पीस काढायचे? एक ते पाच असतील तर वॅक्स आणि पीव्हीए. पन्नास असतील तर प्रत्येक पीसला फिल्म मारण्यात दिवस जातील, तिथे सेमी-परमनंटच परवडतं.

४. तापमान किती जाईल? ओव्हनमध्ये १२० अंशांना क्युअर होणारं प्रीप्रेग असेल तर वॅक्स आणि पीव्हीए दोन्ही बाद. आणि "आमचं काम रूम टेंपरेचरला आहे" एवढ्यावर विसंबू नका. रेझिन घट्ट होताना स्वतः उष्णता सोडतं. एकाच वेळी जाड थर चढवला तर आतलं तापमान वॅक्सच्या वितळणबिंदूच्या पुढे जाऊ शकतं. त्यामुळे जाड पार्ट दोन-तीन टप्प्यांत करा.

५. पार्टवर पुढे काय होणार? रंग मारायचा किंवा दुसरा पार्ट चिकटवायचा असेल तर पृष्ठभागावर काही मागे राहिलेलं चालत नाही. पीव्हीए पाण्याने धुतलं जातं, वॅक्स सॉल्व्हंटने पुसून वर हलकं घासावं लागतं.

तीन नेहमीची कामं, तीन उत्तरं

पॅटर्नशॉपमध्ये लाकडी मास्टरवरून रेझिनचा डुप्लिकेट पॅटर्न काढायचा आहे. मास्टर एकच आणि महाग, मोजमापही महत्त्वाचं. इथे मास्टर नीट सील करून वॅक्सचे पाच-सहा हात, त्यावर पीव्हीएचा अगदी पातळ थर. जाड फिल्म नको, कारण ती बारीक अक्षरं आणि कडा बुजवते.

कॉलेज टीमला गाडीचं बॉडीवर्क करायचं आहे: प्लग एमडीएफचा, साचा पॉलिएस्टरचा, पार्ट इपॉक्सी आणि कार्बनचा, जेमतेम दोन सेट हवेत. इथे रिलीज दोनदा लागतो, एकदा प्लगवर आणि एकदा साच्यात. दोन्हीकडे वॅक्स आणि पीव्हीए हीच सुरक्षित जोडी. चमक थोडी कमी मिळेल, ती नंतर क्लिअर कोटने भरून निघते. परीक्षा आणि स्पर्धा यांच्या मधल्या चार आठवड्यांत साचा दुसऱ्यांदा करायला वेळ नसतो, हे विसरू नका.

छोट्या युनिटला हेल्मेटचे व्हायझर कव्हर किंवा मडगार्ड रोज काढायचे आहेत. साचा नीट क्युअर झालेला आहे, पार्ट गेलकोटचा चकचकीत हवा. इथे सेमी-परमनंट. सुरुवातीचा खर्च जास्त, पण दर पीसमागे वाचलेला वेळ तो भरून काढतो.

लावायची पद्धत: घाई इथेच नडते

वॅक्ससाठी सुती कापड घ्या. हाताच्या तळव्याएवढ्या भागावर गोल फिरवत पातळ थर लावा, पाच-दहा मिनिटांत धूसर झाला की स्वच्छ कापडाने चमकवा आणि पुढच्या भागाकडे जा. संपूर्ण साचा एकदम माखून ठेवला तर वॅक्स कडक होतं आणि पुसता पुसत नाही. एक हात झाला की साधारण तासभर थांबा, कारण आतला सॉल्व्हंट उडायला वेळ लागतो. लगेच दुसरा हात दिला तर तो पहिल्यालाच विरघळवतो. म्हणजे मोजायला सहा हात, प्रत्यक्षात एकच. नव्या साच्याला किमान चार ते सहा हात, आणि शेवटच्या हातानंतर रात्रभर विश्रांती.

पीव्हीए ब्रशपेक्षा स्प्रे गनने चांगलं बसतं. पहिला फवारा धुक्यासारखा, वाळला की दोन-तीन किंचित ओले थर. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय गेलकोट लावायचा नाही. ओल्या पीव्हीएवर पॉलिएस्टर नीट घट्ट होत नाही आणि पृष्ठभाग सुरकुततो.

सेमी-परमनंटसाठी क्रम ठरलेला आहे: मोल्ड क्लीनर, मग सीलर, मग रिलीजचे हात. प्रत्येक हातानंतर किती थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. ज्या साच्यावर आधी वॅक्स लागलं आहे त्यावर सेमी-परमनंट धरणार नाही. वॅक्स पूर्ण काढल्याशिवाय सिस्टीम बदलू नका. थोडं हे, थोडं ते असं मिश्रण हे पीस अडकण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

फोनचा इथे खरा उपयोग आहे. प्रत्येक हाताला टायमर लावा आणि साच्याच्या नावाने एक नोट ठेवा: तारीख, किती हात, कोणतं रेझिन, पीस कसा सुटला. दहा पिसांनंतर ही नोट डब्यावरच्या सूचनांपेक्षा जास्त कामाची ठरते.

टेप टेस्ट: रेझिन ओतण्याआधीची दोन मिनिटं

साध्या मास्किंग टेपचा तुकडा साच्याच्या कडेला, पार्टच्या हद्दीबाहेर लावा, अंगठ्याने दाबा आणि सोला. रिलीज न लावलेल्या भागावर टेप जशी धरते त्यापेक्षा ती स्पष्टपणे हलकी सुटली पाहिजे. कोपऱ्यांजवळ आणि खोलगट भागांजवळही तपासा, कारण हात तिथेच नीट पोचत नाही. शंका आली तर कडेला रेझिन आणि मॅटचा रुपयाएवढा तुकडा लावून रात्रभर ठेवा. सकाळी तो बोटाने उडाला तर पुढे जा.

उलट टोकाचीही एक अडचण असते. साचा इतका निसरडा होतो की गेलकोट त्यावर थेंब थेंब होऊन गोळा होतो. तसं दिसलं तर तिथला जादा थर चमकवून कमी करा.

पावसाळ्यातली वेगळी गोष्ट

जुलैत पंचगंगेचं पाणी चढतं तेव्हा शेडमधली हवाही ओली असते. पीव्हीए पाण्यावर चालणारं असल्याने त्या दिवसांत तासन्‌तास वाळत नाही. वेदर अ‍ॅपवर आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे दिसत असेल तर फॅन आणि हॅलोजनचा दिवा लावून खोली कोरडी करा, नाहीतर काम पुढे ढकला. सेमी-परमनंटपैकी बरेच प्रकार हवेतल्या ओलाव्यानेच पक्के होतात, त्यामुळे दमट हवा त्यांना चालते, पण साच्यावर दव धरलेलं चालत नाही. साचा खोलीच्या तापमानाला आल्यावरच सुरुवात करा.

सोडवताना, आणि अडकलाच तर

आधी पुरेसं थांबा. पार्टला किमान एक रात्र द्या, आणि प्लगवरचा नवा साचा शक्यतो आठवडाभर तसाच राहू द्या. पॉलिएस्टर घट्ट होताना आकारमानाने साधारण ५ ते ८ टक्के आकसतं, इपॉक्सी त्याहून बरंच कमी. काचेचे धागे मिसळल्यावर हे आकसणं आणखी कमी होतं, तरी कडा मोकळ्या व्हायला त्याची थोडी मदत होते.

लोखंडी छिन्नी किंवा स्क्रू ड्रायव्हर घुसवू नका. प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या पाचरी सर्व बाजूंनी थोड्या थोड्या सरकवा, फटीतून कॉम्प्रेसरची हवा द्या. पीव्हीए वापरलं असेल तर फटीत कोमट पाणी सोडा. फिल्म विरघळते आणि पीस हळूच तरंगू लागतो. रबरी हातोडीने मागून हलके ठोके दिले तरी चालतं.

एवढं करूनही निघत नसेल तर दोष रिलीजचा नसून आकाराचा असू शकतो. उभ्या भिंतींना फाउंड्रीच्या पॅटर्नसारखाच उतार हवा, म्हणजे ड्राफ्ट. आत वळलेली कड असेल तर साचा दोन भागांतच करावा लागतो. वॅक्सचे वीस हात दिले तरी उलट्या उताराचा पीस सुटणार नाही.

सुरक्षितता

पॉलिएस्टरचा हार्डनर म्हणजे एमईकेपी. तो कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटरमध्ये थेट कधीही मिसळू नका, पेट घेण्याचा किंवा स्फोट होण्याचा धोका असतो. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल सक्तीचा. गेला तर लगेच भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा. स्टायरीन आणि रिलीजमधल्या सॉल्व्हंटसाठी साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही, ऑरगॅनिक व्हेपर काट्रिजचा मास्क हवा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ठिणगी नको.

थोडक्यात

पहिलाच साचा असेल तर सिलिकॉन नसलेलं कार्नोबा वॅक्स आणि त्यावर पीव्हीए घ्या. पीस वाढले, साचा रुळला आणि चमक महत्त्वाची झाली की साचा पूर्ण साफ करून सेमी-परमनंटकडे वळा. तापमान ८० अंशांच्या पुढे जाणार असेल तर सुरुवातीपासूनच सेमी-परमनंट. रेझिन आणि रिलीज दोन्हींच्या डब्यांवरची सूचना एकमेकींशी जुळते का ते दुकानातच वाचा. आणि टेप टेस्ट झाल्याशिवाय हार्डनरची बाटली उघडू नका. हार्डनर मिसळला की मिनिटं मोजायला सुरुवात होते, त्याआधीचा सगळा वेळ तुमचा आहे.